आधी वाऱ्याची दिशा बघा

"काका, ही फुटणार तर नाही ना?" फुगवायची बोट घेऊन माझ्याकडे येणारा प्रत्येक जण हेच विचारतो. मी मुलुंडचा. भांडुपला एल.बी.एस. रोडवरच्या एका कारखान्यात माझी सगळी नोकरी पीव्हीसीच्या चादरी एकमेकींना जोडण्यात गेली. रेनकोट, ताडपत्र्या, लहान मुलांचे फुगवायचे टब, असलं सगळं आम्ही करायचो. गळ टाकायचा नाद त्याच्याही आधीपासूनचा. त्यामुळे कांजूर, घाटकोपर, पार अंधेरी-बोरिवलीपासूनची गळवाली पोरं ऑनलाइन मागवलेल्या बोटी ठिगळ लावायला माझ्याकडे आणतात. मी शिवण तपासतो, व्हॉल्व्ह तपासतो आणि मग त्यांना विचारतो, "कुठे उतरवणार? आणि त्या वेळी तिथे वारा कुठून असतो?" पहिल्याचं उत्तर लगेच मिळतं. दुसऱ्याचं फार थोड्यांकडे असतं.

हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नासाठी लिहितो आहे. भोक पडलेली बोट धोक्याची आहेच, पण न फुटलेली, टणक फुगलेली, धडधाकट बोट मला त्याहून जास्त भीतीची वाटते. ती वाऱ्याबरोबर चालू लागते आणि हातभर लांबीच्या प्लास्टिकच्या वल्ह्यांनी परत फिरत नाही. आत बसलेल्याला पहिला बराच वेळ काही बिघडलं आहे हेच कळत नाही, कारण बोट तर छान तरंगत असते.

ही बोट घेणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. उपनगरात गळ टाकायला नीट जागा उरली कुठे? खाडीकाठी तिवरं आणि गुडघाभर चिखल, समुद्राकाठी निसरडे खडक, पवईला काठालगत जलपर्णी. मासा असतो चाळीस-पन्नास फूट आत. दोन खोल्यांच्या घरात लाकडी होडी ठेवायची कुठे? ही बोट मात्र पलंगाखाली मावते, रिक्षातून जाते, काही हजारांत येते. मुंबईच्या तलावांत ट्रकच्या टायरची ट्यूब फुगवून तिच्यावरून जाळी लावणारी माणसं मी तरुणपणापासून पाहत आलो. राज्यातल्या धरणांवर थर्मोकोलच्या तराफ्यावरून मासे धरणारे भोई आजही दिसतात. ते पोटासाठी जातात. हौसेने जाणाऱ्याला एक मोकळीक आहे जी त्यांना नसते. आज वारा बरा नाही, आज राहू दे, असं तो म्हणू शकतो.

आधी माझ्या धंद्यातलं सांगतो. बाजारात बोट म्हणून जे मिळतं त्यात दोन जाती आहेत. एकीत पीव्हीसीच्या पोटात पॉलिएस्टरचं विणलेलं कापड असतं, जाडी मिलिमीटरच्या आसपास, आणि आत हवेचा दाब पाव बार, म्हणजे साधारण साडेतीन पीएसआय. पुराच्या पाण्यात माणसं काढायला बचाव पथकं ज्या बोटी नेतात त्या याच घराण्यातल्या. दुसरी जात नुसत्या पीव्हीसीच्या पापुद्र्याची, आत कापड नाही. जाडी कित्येकदा मिलिमीटरचा तिसरा हिस्सा, दाब अर्धा पीएसआय किंवा त्याहून थोडा अधिक. चित्रात दोन्ही सारख्याच दिसतात. घेताना कापड आहे का एवढं तरी विचारा. कडेला कापलेला भाग असतो तिथे दोऱ्यांची वीण दिसते.

चादरींच्या कडा २७.१२ मेगाहर्ट्झच्या लहरींनी तापवून साच्याखाली दाबतात, त्या एकजीव होतात. मशीनवर बसून मी आयुष्यभर तेच केलं, म्हणून खात्रीने सांगतो की नीट बसलेली शिवण सहसा चादरीच्या आधी सुटत नाही. सुटतं ते वल्ह्याची कडी चिकटवलेली असते तिथे, व्हॉल्व्हच्या मुळाशी आणि घडीच्या कोपऱ्यात. दर वेळी त्याच रेषेवर मुडपलं की पीव्हीसी तिथे पांढरं पडतं, मग चिरतं. म्हणून बोट दर वेळी थोड्या वेगळ्या घडीने गुंडाळावी, पूर्ण वाळवून, पावडर लावून. पीव्हीसी मऊ राहतं ते त्यात मिसळलेल्या तेलकट द्रव्यामुळे. उन्हाने आणि वर्षांच्या साठवणीने ते निघून जातं आणि चादर कडक होते. पेट्रोल आणि थिनर तिला खातातच, पण डास पळवायच्या मलमात डीईईटी असतं तेही पीव्हीसी विरघळवतं, हे फार जणांना ठाऊक नसतं. संध्याकाळी डास उठले की मलम चोळलेल्या हाताने बोटीची कड धरली जाते. माझ्याकडे येणाऱ्या बोटींवर ते चिकट ठसे मी ओळखतो.

उन्हाचा हिशोब जरा सविस्तर सांगायला हवा. पहाटे २५ अंशांना टणक फुगवलेली बोट वाळूवर उन्हात राहिली आणि आतली हवा ५० अंशांवर गेली, तर तिचा एकूण दाब आठेक टक्क्यांनी वाढू पाहतो. आठ टक्के ऐकायला थोडे वाटतात. पण आपल्याभोवतीच्या हवेचाच दाब १४.७ पीएसआय आहे. आतल्या एकूण दाबाचे आठ टक्के म्हणजे सव्वा पीएसआय झाले, आणि बोट तर जेमतेम अर्ध्या पीएसआयसाठी बनवलेली. चादर ताणून जागा करून देते म्हणून लगेच फुटत नाही, पण शिवणीला पडलेला ताण भरून निघत नाही. उलट तापलेली बोट पाण्यात ढकलली की आतली हवा थंड होऊन ती मऊ पडते. गळती आहे असं समजून लोक भर पाण्यात तोंडाने हवा भरायला लागतात आणि तेवढ्यात व्हॉल्व्हचं झाकण हातातून सुटतं. बोट सावलीत थोडी ढिली फुगवावी, पाण्यावर ठेवून दहा मिनिटं थांबावं, मग उरलेली हवा भरावी. ठिगळ लावायला सायकलच्या ट्यूबचं सोल्युशन वापरू नका. ते रबरासाठी आहे, पीव्हीसीवरून सोलून निघतं. झटपट चिकटणारा गोंद कडक होतो आणि पहिल्याच मुडपीला तडकतो. विनाइलचं सिमेंट, त्याच जाडीचं गोल कापलेलं पीव्हीसी आणि एक पूर्ण दिवस वाळवणं, एवढंच त्याला लागतं.

वजनाचं मात्र कुणी बघतच नाही. दोन माणसांची म्हणून विकल्या जाणाऱ्या सर्वांत लहान बोटींवर ९५ किलोच्या आसपासची मर्यादा छापलेली असते. सत्तर-सत्तर किलोचे दोन मित्र बसले की १४० झाले. वर आमिषाची बादली, पाण्याच्या बाटल्या, जेवणाचा डबा, मोबाइलची बॅटरी. बोट लगेच बुडत नाही, तिची कड पाण्याच्या जवळ येते. मग फेरीबोटीची एक लाट आत यायला पुरते. छापलेल्या मर्यादेच्या अर्ध्यावर राहावं, एका बोटीत एकानेच जावं, हा माझा नियम आहे आणि तो मी प्रत्येकाला सांगतो. बोटीतल्या हवेच्या कप्प्यांची परीक्षाही घ्यायला हवी, ती घरच्या घरी होत नाही. कमरेएवढ्या स्थिर पाण्यात, बरोबर दोन माणसं उभी असताना, एक कप्पा मुद्दाम उघडून बसून बघा. उरलेल्या कप्प्यांवर तुम्ही तरंगत असाल तर ती बोट. नाहीतर तिला फुगवायची गादी समजा आणि घरी न्या.

आता वाऱ्याकडे येतो.

कोळ्यांच्या होडीला तळाला पठाण असतो, म्हणजे लांबलचक लाकडी कणा. तो पाण्यात खोल उतरतो आणि होडीला आडवं सरकू देत नाही. फुगवायच्या बोटीला पाण्याखाली धरून ठेवणारं काहीच नाही आणि पाण्यावर दोन जाड फुगे उभे असतात. म्हणजे वाऱ्याला ढकलायला भरपूर जागा आणि पाण्याला अडवायला काही नाही. बसल्या जागी वल्ही छोटी, कड्या लवचीक, अर्धा जोर कड्या वाकवण्यातच जातो. शांत पाण्यात ती बरी चालते म्हणून विकत घेणाऱ्याची फसगत होते. समोरून मध्यम वारा आला की जोर लावूनही काठावरचं झाड त्याच जागी दिसत राहतं, आणि हात थांबले की ते लहान होऊ लागतं.

आपल्या किनाऱ्यावर हे आणखी वाईट होतं, कारण समुद्र पश्चिमेला आहे. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे सगळेच शिकलो. दिवसा जमीन तापते, वारा समुद्राकडून येतो. रात्री जमीन निवते, वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो. हिवाळ्यात मुंबईत हा मतलई वारा सकाळी उशिरापर्यंत टिकतो, कित्येकदा दहा-अकरापर्यंत. गळवाल्याची वेळ कोणती? पहाट ते नऊ-दहा. मोसम कोणता? पावसाळा संपल्यावर, थंडीत. म्हणजे जुहू, वर्सोवा, आक्सा, गोराई इथे ज्या वेळी ज्या मोसमात माणूस पाण्यात उतरतो, नेमका तेव्हा वारा त्याला किनाऱ्यापासून बाहेर नेणारा असतो.

यात फसवं काय आहे ते नीट समजून घ्या. जमिनीवरून येणारा वारा किनाऱ्यालगत इमारती, माड, सुरूची झाडं यांच्या आडोशाने दबलेला असतो. लाटा तोच वारा दाबून ठेवतो, म्हणून पाणी सपाट दिसतं. उभं राहून बघणाऱ्याला वाटतं की आजच्यासारखा दिवस नाही. शे-दोनशे मीटर आत गेलं की आडोसा संपतो आणि वारा पूर्ण जोराने पाठीवर बसतो. वर्सोव्याच्या जेट्टीवर मी एकदा म्हणालो, "नाखवा, आज पाणी काय शांत आहे!" जाळं सावरता सावरता ते म्हणाले, "शांत नाय, वारा पाठीला हाय म्हणून तुला तसा दिसतो. तोंड फिरवून ये, मंग कळंल." मला वाऱ्याचं जे कळलं त्याचं मूळ त्या एका वाक्यात आहे. खुल्या समुद्रावर तर फुगवायच्या बोटीने जाऊच नये असं माझं ठाम मत आहे, मोसम कोणताही असो. पण खाडीत, तलावात जाणाऱ्यानेही काठावर उभं राहून मूठभर कोरडी रेती सोडून बघावी, नांगरलेल्या होड्यांवरचे झेंडे कुठल्या दिशेला फडफडतात ते बघावं. वारा तुमच्या पाठीवर लागत असेल, तर तो तुम्हाला काठापासून दूर नेणार आहे. मग पलीकडच्या काठावर जा, नाहीतर त्या दिवशी काठावरूनच गळ टाका. वारा तोंडावर येत असेल तर वल्ही मोडली तरी तो तुम्हाला काठाला आणून सोडेल.

ब्रिटनची आरएनएलआय ही १८२४ पासून समुद्रात माणसं वाचवणारी संस्था आहे. ती दर उन्हाळ्यात लोकांना हेच कळवळून सांगते की फुगवायच्या वस्तू समुद्रावर आणू नका, निदान जमिनीवरून वारा असताना तरी नको. तिथलं पाणी गारठवतं, आपलं तसं नाही, एवढाच फरक. आपल्याला वेळ थोडा जास्त मिळतो, बस्स.

वाऱ्याचा जोडीदार म्हणजे ओहोटी. गोराईची खाडी, मार्वे आणि मनोरीमधलं पाणी, वर्सोवा आणि मढमधलं पाणी, या सगळ्यांची तोंडं अरुंद आहेत. उधाणाला मुंबईत भरती-ओहोटीतलं अंतर पाच मीटरच्या जवळ जातं. एवढं पाणी सहा तासांत त्या तोंडातून बाहेर पडायचं म्हटल्यावर ते चालत नाही, धावतं. भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब आमच्या वडिलांनी शिकवला तो असा: तिथीची पाऊणपट करा, आलेल्या तासाच्या आसपास पूर्ण भरती. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी-संध्याकाळी सहाच्या सुमाराला. पुनवेला आणि अवसेला दुपारी बाराच्या आगेमागे. तासाभराचा फरक धरावा लागतो, पण मोबाइल नसताना याच हिशोबावर माणसं खाडीत जात होती.

हाच हिशोब चतुर्थीला लावून बघा. पहाटे तीनला भरती, म्हणजे तीन ते नऊ ओहोटी. सहा वाजता तुम्ही उतरता तेव्हा ती ऐन जोरात असते, पुनव-अवस नुकतीच होऊन गेलेली असल्यामुळे उधाणाचा बराच जोर अजून शिल्लक असतो, आणि वरून हिवाळ्याचा मतलई वारा. पाणी आणि वारा दोन्ही एकाच दिशेला, बाहेर. चतुर्थी-पंचमीच्या पहाटे खाडीच्या तोंडाजवळ या बोटीने जाणाऱ्याला मी हात धरून थांबवेन. मार्वेचं पाणी काठावरून किती निरुपद्रवी दिसतं! १६ जुलै २०२३ ला तिथे पाण्यात उतरलेल्या पाच मुलांपैकी दोघांना स्थानिकांनी बाहेर काढलं, तिघं गेली. ती बोटीत नव्हती, पण पाणी तेच आणि ओढही तीच.

मुलुंड-भांडुपच्या बाजूला ठाण्याच्या खाडीत प्रकार वेगळा. तिथे वाहून जाण्याइतकीच अडकण्याची भीती. ओहोटी झाली की मैलभर चिखल उघडा पडतो, बोट त्यावर टेकते आणि माणूस उतरून चालायला बघतो. पाय मांडीपर्यंत जातो. दुसरा काढायला गेला की दोघंही जातात. अशा वेळी बोटीतच बसून राहावं, भरती यायची वाट पाहावी, डोकं झाकावं, पाणी पुरवून प्यावं. उतरावंच लागलं तर आडवं पडून, बोट छातीखाली धरून सरकावं. आणि ती खाडी आता फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०१५ पासून. तिथे कुठे जायला परवानगी आहे याची वनखात्याकडे आधी चौकशी करावी.

पश्चिमेच्या खडकांवर आणि जेट्टीच्या खांबांवर कालवं असतात. खाणाऱ्याला गोड, पण त्यांच्या कडा पात्यासारख्या. तिसरा हिस्सा मिलिमीटरच्या पापुद्र्याला एक घासण पुरते. तिवरांच्या मुळांवरही ती बसलेली असतात. जिताडा आणि तांबोशी नेमके त्याच आडोशाला राहतात, म्हणून गळवाल्याचा हात बोट तिकडेच वळवतो. तेवढं अंतर राखून लांबून फेका. शिंगाळा गळाला लागला तर त्याचे तीन काटे करवतीसारखे असतात, तिलापियाच्या पाठीवर काट्यांची रांग असते. मासा बोटीत मोकळा सोडू नका, जाड गोणपाट अंथरा, झाकणाची बादली ठेवा. गळ आणि सुरी बूच टोचूनच ठेवायची. लोखंडी घडीचा नांगर नेताना त्याचे पंजे कापडात गुंडाळा. पण नांगर न्याच. पाण्याच्या खोलीच्या चौपट-पाचपट दोरी आणि छोटा नांगर, एवढं असलं की वारा-ओहोटी तुम्हाला नेऊ शकत नाही, जागच्या जागी थांबून मदत मागता येते. माझ्या मते वल्ह्यांपेक्षा नांगर महत्त्वाचा. तो नेहमी बोटीच्या नाकाला बांधावा. कडेला बांधला तर ओढीत बोट आडवी येते आणि कड पाण्याखाली जाते.

पवईबद्दल लोकांचा समज असा की तलाव म्हणजे सुरक्षित. १८९१ च्या सुमाराला बांधलेला हा तलाव काही ठिकाणी १२ मीटरपर्यंत खोल आहे. चार मजली इमारत उभी राहील एवढं पाणी. महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही १९५५ पासूनची संस्था तिथे गळवाल्यांचा कारभार पाहते. तिला विचारल्याशिवाय तिथे स्वतःची बोट उतरवायचीच नाही. मगरी आहेत, त्या दिसतात त्याहून जास्त वेळ दिसत नसतात. त्या आणि जलपर्णी दोन्ही काठाच्या उथळ पाण्यात, म्हणजे बोट उतरवायची जागाही तीच. जलपर्णीचा थर वाऱ्याने हलतो. सकाळी मोकळी असलेली वाट दुपारी बंद झालेली असते, आणि त्या मुळांच्या जाळ्यात वल्हं मारता येत नाही, पोहताही येत नाही. २०१७ च्या नोव्हेंबरात रात्री तलावात होडी उलटली आणि तिघे बुडाले. काठ जवळ होता. काठ जवळ असणं पुरत नाही.

उन्हाळ्यात तर वळवाची भीती. १३ मे २०२४ ची दुपार घाटकोपरवाले विसरणार नाहीत. धुळीचं वादळ आलं, छेडा नगरजवळचं होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं, १७ जणांचा जीव गेला. पवई तलाव तिथून काही किलोमीटरवर आहे. त्या वाऱ्यात चार-पाच किलोच्या बोटीचं काय झालं असतं याची कल्पना करा. त्यानंतर आठवड्याभरातच, २१ मेला, उजनीच्या पाण्यात कुगाव-कळाशीच्या दरम्यान प्रवासी बोट वादळात उलटली आणि सहा जण गेले. तीही समुद्रात नव्हती, धरणात होती. एप्रिल-मेमध्ये दुपारी दोननंतर पूर्वेला, ठाण्याच्या डोंगरावर काळं दिसायला लागलं की मासा गळाला असला तरी दोरी कापून काठ गाठावा.

लाइफ जॅकेटचं सगळ्यांत शेवटी सांगतो, कारण ते सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी घालत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेहून घारापुरीला निघालेल्या फेरीबोटीला नौदलाची बोट धडकली, १५ माणसं गेली, आणि त्यानंतर तिथे प्रवाशांना जॅकेट सक्तीचं झालं. फुगवायच्या बोटीत बसणाऱ्याला सक्ती करायला कुणी नाही, ती आपणच आपल्यावर करायची. पाण्यात बुडलेल्या माणसाचं वजन फार उरत नाही, त्याचं तोंड वर ठेवायला चार-पाच किलोची उचल पुरते. ५० न्यूटनचं जॅकेट तेवढं देतं, पण ते जागेवर असलेल्या, पोहता येणाऱ्यासाठी. १०० न्यूटनचं, मानेमागे कॉलर असलेलं जॅकेट बेशुद्ध माणसालाही बहुतेक वेळा उताणं ठेवतं. हौशी गळवाल्याने तेच घ्यावं, मांड्यांमधून जाणाऱ्या पट्ट्यासकट. पट्टा नसेल तर पाण्यात जॅकेट डोक्यावर येतं आणि माणूस खालून निसटतो. बाजारात स्वस्त थर्मोकोल भरलेली मिळतात. ते तुकडे उन्हाने चुरा होतात, वर्षाला एकदा घालून पाण्यात परीक्षा घ्या. बसायची उशी म्हणून ते वापरायचं नाही. गरम होतं, हात अडकतो, फोटोत बरं दिसत नाही, ही तिन्ही कारणं मी ऐकली आहेत आणि त्यातलं एकही मला पटलेलं नाही.

बोट उलटली किंवा वाहत निघाली तर ती सोडून काठाकडे पोहू नका. अर्धी फुगलेली बोटही माणसाला धरून ठेवते, आणि शोधणाऱ्याला लांबून डोकं दिसत नाही, बोट दिसते. म्हणून निळी-हिरवी घेऊ नका, भगवी किंवा पिवळी घ्या. शिट्टी गळ्यात, मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत आणि तीही गळ्यात. एका बोटीत एकच असलात तरी सोबतीशिवाय जाऊ नका, प्यायलेलं असताना जाऊ नका, अंधार पडल्यावर जाऊ नका. काठावर कुणाला तरी परतायची वेळ सांगून जा. मुलांना यात घेऊन जाऊ नका, त्यांना काठावरून गळ टाकायला शिकवा.

बोटी विकणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यापासून आणि पाण्याच्या ओढीपासून सावध राहा, ही सूचना बहुतेक खोक्यांवर असते, पण इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत. ती मराठीत आणि हिंदीत, बोटीच्या कडेवर, बसणाऱ्याच्या डोळ्यांसमोर छापा. मच्छीमार सोसायट्यांनी जेट्टीवर एक फलक लावला, आज भरती कधी, ओहोटी कधी, वारा कुठून, तर त्याने कोळ्यांच्या पोरांचंही भलं होईल आणि आमच्यासारख्या हौशींचंही.

समुद्रात किंवा खाडीत कुणी वाहत जाताना दिसलं तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, सागरी पोलिसांचा १०९३, आणि कुठूनही ११२. हे तीन आकडे बोटीच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईने लिहून ठेवा.